सात दहाचे फोटो

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज प्लॉटवर नारळ फुटला. तेवीस वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याच्या मागे ही जागा घेतली तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या आणि वर्कशॉपमधले लोक मला हसले होते. "वाल्मीक, तिथं काय कोल्हे पाळणार का?" आता चारी बाजूंनी बंगले झालेत आणि मधोमध माझाच प्लॉट, पडलेल्या दाताच्या जागेसारखा. एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करून रस्त्याला लावल्या. गेल्या महिन्यात रिटायर झालो. घर पाहावं बांधून म्हणतात, तर बघू या म्हटलं.

आरोहीने पुण्याहून फर्मान सोडलंय, "बाबा, टाइमलॅप्स करा." म्हणजे तिचा जुना मोबाईल समोर कुठेतरी उंचावर बसवायचा. तो दर दहा मिनिटांनी आपोआप एक फोटो काढणार. शेवटी सगळे फोटो एकामागून एक पळवले की अख्खं घर चार मिनिटांत जमिनीतून उगवताना दिसणार. मला कल्पना भारी आवडली. मनीषा म्हणाली, "झालं! रिटायर झालेल्या माणसाला एक खेळणं मिळालं." बायको आहे, बोलणारच.

१ डिसेंबर, रविवार

कॅमेऱ्यासाठी जागा हेरली होती, रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घराची वरची खिडकी. घर संघर्ष गांगुर्डेंचं, तहसील कचेरीत क्लार्क आहेत. इतकी वर्षं प्लॉटवर चक्कर मारायला यायचो तेव्हा रस्त्यातून 'नमस्कार', 'जय भीम' एवढीच ओळख. आज पहिल्यांदा जिना चढलो. वरची खोली त्यांच्या आईची, विठामावशींची. वय पंचाहत्तरच्या पुढे. सून राखी जिन्यातच हळू आवाजात म्हणाली, "आईंचे गुडघे गेलेत काका. खाली खोली रिकामी आहे, पण ऐकतच नाहीत. वरच राहायचं म्हणतात." म्हातारी माणसं, एकदा धरलं की सोडत नाहीत.

खोलीत खिडकीला लागून एक कॉट, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, बाजूला मावशींच्या मालकांचा, सहादूबाबांचा फोटो. खिडकीतून बघितलं आणि मन खूश झालं. खाली माझा अख्खा प्लॉट आणि मागे पांडवलेणीचा डोंगर. फ्रेम एकदम झकास, अशी मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

"मावशी, इथं एक मोबाईल लावू का? घर होईपर्यंत. सात-आठ महिने."

"लाव की भाऊ. घर एकदाच होतं माणसाचं."

मी स्टँड लावत होतो आणि मावशी बोलत होत्या. सहादूबाबा होते तोवर दोघं दर पौर्णिमेला लेणीवर बुद्धवंदनेला चढून जायचे. "आता गुडघे नाय म्हणतात. मंग इथूनच जाऊन येते." मी हो हो म्हणालो आणि स्क्रू आवळले. स्टँड खिडकीच्या बरोबर मध्यावर बसला. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा, रोजचे त्र्याहत्तर फोटो. चहा चांगला होता, आल्याचा.

८ डिसेंबर, रविवार

पहिल्या आठवड्याचे फोटो लॅपटॉपवर उतरवले. पायाचे खड्डे, गेणू मिस्त्रीची माणसं, वाळूचा ढीग, सगळं छान आलंय. पण रोज सकाळी सात दहाचा फोटो बाद! ओझरतं चाळलं, खिडकीचा गज, पदराचं टोक, कोणाचा तरी कान. आणि त्याच्या पुढच्या फोटोपासून फ्रेम किंचित सरकलेली. पळवून बघितलं तर दर दिवसाला एक धक्का बसतोय, क्लच खराब असलेली गाडी चालल्यासारखा.

म्हणजे सकाळी कोणीतरी मोबाईलला हात लावतंय. बाद फोटोंसाठी वेगळं फोल्डर केलं, नाव दिलं 'कचरा'. पुसून टाकले नाहीत. वर्कशॉपची सवय, भंगारसुद्धा नोंदीत ठेवायचं.

१५ डिसेंबर, रविवार

राखीला विचारलं. ती एकदा सासूकडे बघून म्हणाली, "मीच सरकवते काका, पुसताना." मला पटलं नाही. फोटोत जो पदर दिसतो तो नऊवारीचा आहे आणि राखी घालते पंजाबी ड्रेस. म्हणजे मावशीच. मोबाईलचं अप्रूप वाटत असणार, सकाळी उठून वाकून बघत असतील आत काय चाललंय ते. मी गंमत केली, "काय मावशी, सेल्फी काढता की काय आमच्या मोबाईलवर?" मावशी तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या. "नाय सरकवणार भाऊ," म्हणाल्या. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "राहू द्या हो, एखादा फोटो गेला तर काय होतंय."

१२ जानेवारी २०२५, रविवार

जोतं झालं. त्याला आठ-दहा दिवस पाणी मारत राहायचं, नाहीतर तडे जातात, आणि नेमकी चार-पाच दिवसांपूर्वी आमच्या बोअरची मोटर जळाली. टँकरवाला उद्या-उद्या करतोय. मी प्लॉटवर उभा राहून गेणूवर ओरडत होतो, तर समोरून राखी रबरी पाइप ओढत रस्ता ओलांडून आली. "आईंनी पाठवलाय. जोडा म्हणाल्या." तीन दिवस त्यांच्या नळाचं पाणी माझ्या जोत्याला मिळालं. संध्याकाळी आभार मानायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, "पाण्याला नाय म्हणू नये. त्यात घराच्या पाण्याला तर नायच."

माणसं चांगली आहेत. सात दहाचा कचरा चालूच आहे, पण आता काय बोलणार?

१६ मार्च, रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. काल पहिला स्लॅब पडला! पहाटेपासून मिक्सर, पाट्या, आरडाओरडा. विठामावशींनी कामगारांना डबाभर शेंगदाण्याचे लाडू पाठवले. माझे डोळे भरून आले होते खरं तर, सिमेंट उडालं म्हणून सांगितलं. मनीषाने मान्य केलं नाही.

आता वर एकच खोली आणि बाकी मोकळी गच्ची. ती खोली माझी. एकतीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, तिथे माझं म्हणून एक कपाटसुद्धा नव्हतं. खोली नैऋत्येला. मनीषाचं वास्तुशास्त्र एवढं एकच माझ्या सोयीचं निघालंय: घरधन्याची खोली नैऋत्येला हवी आणि नैऋत्य कोपरा जड हवा. आणि गंमत म्हणजे पांडवलेणी त्याच बाजूला. आज फोटो उतरवायला गेलो तेव्हा मावशींना सांगितलं, "मावशी, माझ्या खोलीला मोठी खिडकी ठेवतोय. सकाळी डोळे उघडले की लेणी समोर!"

मावशी जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. सकाळी लेणीवर ऊन लय छान पडतं. बघ तू."

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. राखीने जिलबीचं ताट आणून दिलं. काम बंद. शुक्रवारपासून माझ्या खोलीच्या भिंतीला विटा लागल्या, गुडघ्याएवढ्या आल्यात. आज एकटाच वर जाऊन त्या चौकोनात उभा राहिलो. इथे पलंग, इथे टेबल, इथे रेडिओ. समोर वळून बघितलं, तर मावशी पांढरी साडी नेसून खिडकीत उभ्या. मी हात केला, त्यांनीही केला.

२० एप्रिल, रविवार

कचरा वाढलाय. पूर्वी रोज एक फोटो जायचा, आता दोन, कधी तीन. म्हणजे अर्धा-अर्धा तास मोबाईल बाजूला! आणि नेमकं आत्ता, माझी खोली उठत असताना. आरोहीला फोन केला. ती म्हणाली, "सोडा ना बाबा, मी धक्के काढून टाकेन कॉम्प्युटरवर." पण मला ते लबाडी केल्यासारखं वाटतं. काम मुळात नीट असावं.

२७ एप्रिल, रविवार

आज बंदोबस्त केला. एम-सील घेऊन गेलो आणि स्टँड खिडकीच्या चौकटीला पक्का चिकटवून टाकला. दगडासारखा घट्ट झालाय, आता हत्तीने सोंड लावली तरी हलणार नाही. त्यापायी खिडकीची उजवी झडप उघडत नाही, पण डावी उघडते. हवा येते, झालं की.

मावशी कॉटवर बसून बघत होत्या. मी म्हटलं, "राग नका मानू मावशी. आता शेवटचे दोन-तीन महिने राहिले."

"राग कशाचा? तुझं काम नीट होऊ दे."

राखी दारात उभी होती. तिने चहा विचारला नाही. कामात असेल.

४ मे, रविवार

एकही फोटो बाद नाही! भिंती खांद्यापर्यंत आल्यात. पळवून बघितलं, विटेवर वीट कशी गुपचूप चढते, एक धक्का नाही. मनीषाला चार वेळा दाखवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "बाकी सगळं ठीक, पण विठाबाई आता खिडकीत दिसत नाहीत ना?" मी म्हटलं, उन्हाळा आहे, खाली बसत असतील.

१२ मे, सोमवार

विठामावशी पडल्या. आज सकाळी सातला गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या. नशीब बलवत्तर म्हणून डोकं वाचलं, उजवं मनगट मात्र चांगलंच मुरगळलंय आणि गुडघ्यावर सूज आहे. कळल्याबरोबर शहाळी आणि मोसंबी घेऊन गेलो. हाताला पट्टी बांधून झोपल्या होत्या. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी ओरडतो, तसा ओरडलो.

"अहो मावशी, या गुडघ्यांनी सकाळी सकाळी गच्चीवर कशाला जायचं? काय ठेवलंय तिथं?"

"आज पौर्णिमा ना भाऊ. बुद्धपौर्णिमा."

"मग खोलीत बसून करायची होती की प्रार्थना!"

राखीने चहाचा कप टेबलावर जरा जोरातच ठेवला, बशीत सांडला. सासू पडल्यामुळे धास्तावली असेल बिचारी. जाताना जिन्यात तिला म्हटलं, त्यांना खाली हलवा आता. ती म्हणाली, "रोज जातात काका त्या गच्चीवर, पंधरा दिवस झाले. आधी नव्हत्या जात." आणि दार लावून घेतलं.

म्हातारपणी डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

१८ मे, रविवार

हे लिहायला दुपारपासून तीन वेळा बसलो आणि उठलो.

आरोही काल आलीय. सकाळी तिला लॅपटॉप दिला आणि मी शेव आणायला गेलो. परत आलो तर ती आणि मनीषा दोघी पडद्यासमोर बसलेल्या. आरोही म्हणाली, "बाबा, तुम्ही हे कचरा फोल्डर उघडून बघितलंत कधी?" म्हटलं, त्यात काय बघायचंय? ती म्हणाली, "बसा इथं." आणि तिने कचऱ्याचाच टाइमलॅप्स लावला. दीड-पावणेदोनशे फोटो, सगळे सात दहाच्या आसपासचे.

विठामावशी. बाकी कोणी नाही. सकाळी त्या स्टँड फक्त बाजूला फिरवत होत्या, खिडकी मोकळी व्हावी म्हणून, आणि मोबाईल बिचारा त्यांच्याकडे तोंड करून फोटो काढत होता. डिसेंबरातल्या फोटोंत त्या कॉटवर बसल्यात, अंगावर शाल, हात जोडलेले, डोळे बाहेर. मोबाईलकडे एकदाही बघितलेलं नाही. जानेवारी, फेब्रुवारी, तसंच. मार्चमध्ये स्लॅबच्या फळ्या लागल्या तेव्हा त्या उभ्या राहायला लागल्या. एप्रिलच्या मध्यापासून उजवीकडे सरकल्या. मग चौकटीला खेटल्या. मग एका हाताने गज धरून वाकल्या, दुसरा हात एकटाच छातीशी. रोज थोड्या जास्त. शेवटच्या फोटोत, सव्वीस एप्रिल, टाचा उचललेल्या, गाल गजाला टेकलेला, सगळं अंग उजव्या झडपेच्या बाजूला कलंडलेलं.

त्यानंतर फोटो नाहीत, कारण सत्तावीसला मी एम-सील लावलं. उजव्या झडपेवरच.

मग आरोहीने माझा नीटनेटका व्हिडिओ लावला. मी तो वीस वेळा बघितला असेल, पण घर बघत होतो. आज डोंगर बघितला. लेणीचा तो काळा पट्टा आधी अख्खा दिसतो, मग अर्धा, मग बोटभर, आणि माझी भिंत चढत चढत त्यावर येते. गेल्या आठवड्यात तो संपला.

"मंग इथूनच जाऊन येते," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी स्क्रू आवळत होतो. आणि लेणी माझ्या पलंगावरून कशी दिसणार हेही त्यांनाच ऐकवून आलो, त्यांच्याच खिडकीत उभा राहून! लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

१९ मे, सोमवार

आज डोकं उलट्या दिशेने चालतंय, तेही लिहितो. जागा माझी. नकाशा मंजूर. उद्या मी नाही बांधलं तर शेजारचा बांधेल, या शहरात कोणाला डोंगर जन्मभर दिसतो? दृश्यावर काय कोणाचा सातबारा असतो? आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं का? सांगितलं असतं तर विचार केला असता.

केला असता का? मार्चमध्ये केला असता, बहुतेक. एप्रिलमध्ये नसता. खरं ते लिहावं.

२१ मे, बुधवार

येत्या बुधवारी माझ्या खोलीचा स्लॅब ठरलाय. एकदा तो पडला की सगळं कायमचं. गेणू मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, ही खोली इथून काढून तिकडे, स्वयंपाकघराच्या वर घेता येईल का? गेणूने तोंडातली तंबाखू थुंकली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"साहेब, ऊन लागलं का? सात फूट भिंत झाली!"

"होईल का ते सांग."

"होईल. कॉलम खालून सगळीकडं हायेत, इंजिनिअरला इचारा फक्त. पण तुम्हीच म्हणलेले ना, मला खिडकीतून लेणी पाहिजे? तिकडून हायवेचा पूल दिसंल फक्त." मग म्हणाला, "त्या समोरच्या आजींमुळं का?"

"तुला काय माहीत?"

"साहेब, मी रोज भिंतीवर उभा असतो. मला काय दिसत नाय का? लय वाकून बघायच्या. मला वाटलं तुम्हाला ठावं हाय."

सगळ्यांना माहीत होतं. फोटो काढणारा सोडून.

२३ मे, शुक्रवार

इंजिनिअर हो म्हणाला. आता अडलं मनीषापाशी. ती परवापासून काहीच बोललेली नाही आणि ते ओरडण्यापेक्षा भयंकर असतं. नैऋत्य कोपरा मोकळा म्हणजे तिच्या हिशेबाने घराला दोषच. दोन वर्षं त्या वास्तूच्या पुस्तकात बोटं घालून बसलीय ती. आणि मी हट्ट कोणत्या तोंडाने करू?

आज जेवताना तीच म्हणाली, "नैऋत्य जड पाहिजे असं लिहिलंय. उंच पाहिजे असं माझ्या मनात नाही आता."

"लिहिलंय ना पण उंच?"

"जेवा गपचूप. तिथं दगडी बाक टाकू. चांगला काळ्या दगडाचा, चार माणसांना उचलवणार नाही असा. म्हणजे कोपरा जड झाला की नाही?"

मी भाकरी तशीच हातात धरून तिच्याकडे बघत बसलो. एकतीस वर्षं संसार करून या बाईचा मला थांग लागलेला नाही. ती म्हणाली, "असं काय बघता? त्या बाईने माझ्या जोत्याला पाणी दिलंय."

२५ मे, रविवार

छिन्नी-हातोडी घेऊन मावशींकडे गेलो. आधी एम-सील फोडलं. फुटता फुटेना, माझंच काम. चौकटीचा थोडा रंगही निघाला. मावशी म्हणत होत्या, "आरं राहू दे, राहू दे." शेवटी उजवी झडप उघडली. समोर माझी भिंत.

मी म्हटलं, "मावशी, ही भिंत उद्या काढतोय." त्या घाबरल्याच. "का? काय चुकलं बांधकामात?"

"मी चुकलो. तुम्ही सांगितलं का नाही मला?"

मावशी म्हणाल्या, "आम्ही हे घर बांधलं ना भाऊ, तवा कॉलनीत लय जणांनी आडवं लावलं. कोण म्हणे वाळू रस्त्यात, कोण म्हणे पाणी नाय देणार. आमीच का, ते आमाला कळत होतं. मालक रोज सायकलीवर लांबून पाणी आणायचे. तवाच मी मनाशी धरलं, कोणी घर बांधत असंल तर आपण आडवा शब्द काढायचा नाय. कसलाच."

त्या वेळी माझा प्लॉट समोरच होता. मी कधीमधी येऊन बाभळी बघून जायचो. पाण्याची बोअर तेव्हाही होती माझ्याकडे. कोणी मागितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मला माफ करा मावशी," एवढंच म्हणता आलं. त्यांनी पट्टी बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. राखीने आज चहा न विचारताच आणला, आल्याचा.

२७ मे, मंगळवार

भिंत काढली. गेणूची माणसं एकेक वीट सुटी करून तिकडे रचत होती. माझ्या खोलीचा चौकोन मोडताना मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. पण अकराच्या सुमाराला समोरून राखीची हाक आली, "काका, दिसली! आई म्हणतात वरचा पट्टा दिसला!" गेणूने घमेलं डोक्यावर धरून नाच केला.

मोबाईल परवाच परत खिडकीत बसवलाय. साधा, सैल. मावशींना सांगितलं, सकाळी पाहिजे तिकडे फिरवा.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काल वास्तुशांत, आज राहायला आलो. मावशींच्या घरीही आज मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन. तरी संध्याकाळी सगळे आले. राखी आणि संघर्षने मावशींना दोन्ही बाजूंनी धरून आणलं आणि मनीषाने त्यांना आतल्या खोलीतल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं. आपट्याची पानं दिली. "जय भीम मावशी," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोन्यासारखं राहा."

मग आरोहीने पांढऱ्या भिंतीवर टाइमलॅप्स लावला. पाया, जोतं, स्लॅब, नैऋत्येची भिंत चढते, आणि मग ती उतरते. पाहुण्यांना काही समजेना. माझा मेव्हणा म्हणाला, "दाजी, घर बांधलंत का पाडलंत? आणि हे सारखं हलतंय काय? धक्के बसताहेत नुसते!" आरोहीने माझ्याकडे बघितलं. ती धक्के काढणार होती, मी नको म्हटलं होतं.

"ते मावशी लेणीवर जाऊन येतात ना," मी म्हटलं, "तेव्हा हलतं." मावशी तोंडावर हात ठेवून हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नव्या खोलीत पहिली सकाळ. खिडकीतून हायवेचा पूल दिसतो. साडेसहा ते सातमध्ये अकरा एसट्या गेल्या. एका गाडीचा सायलेन्सर फाटलाय, आवाजावरून कळलं. वाईट नाही खिडकी.

चहा घेऊन गच्चीवर गेलो आणि नैऋत्येच्या दगडी बाकावर मधोमध ऐसपैस बसलो. लेणीवर ऊन आलं होतं. मावशी म्हणाल्या होत्या तसंच, आधी वरचा कडा उजळतो आणि मग ऊन हळूहळू खाली उतरतं. किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग सहज मागे वळून बघितलं. पिवळ्या घराची खिडकी, दोन्ही झडपा उघड्या, मावशी कॉटवर बसलेल्या, हात जोडलेले. घड्याळात सात दहा झाले होते आणि मी बरोबर त्यांच्या समोर येत होतो.

मावशींनी हाताने खूण केली, बस, बस. मी कप उचलला आणि बाकाच्या टोकाला सरकून बसलो.